पितृपक्षातला नवा गेम : इंदूरच्या एका मंडळाच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेचं प्रकरण

मंडळाचं, गेमिंग पार्लरचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. इंदुरातली मराठी माणसं एकमेकांना चांगलीच ओळखून आहेत, म्हणून एकदोन तपशील इकडचे तिकडे केलेत. मी त्या स्पर्धेच्या आयोजकांपैकी एक. त्यामुळे हे लिखाण तटस्थ आहे असा आव आणत नाही.

पार्श्वभूमी

आमचं मंडळ पश्चिम इंदुरातलं. गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं, चित्रकला, पाककृती, एखादं नाटक हे ठरलेलं. २००८ साली त्यात कॉम्प्युटर गेमची भर पडली. तेव्हा आम्ही चौघे इंजिनिअरिंगला होतो. घरून कॉम्प्युटर उचलून आणले, मंडळाच्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडले, मधे ते एकमेकांना जोडणारा एक नेटवर्क स्विच ठेवला आणि काउंटर-स्ट्राइक १.६ लावला. अध्यक्षांना सांगितलं, बुद्धीचा खेळ आहे. बंदुकांचे आवाज सुरू झाल्यावर एका काकूंनी त्या दिवशीची आरती वीस मिनिटं आधी घेतली, म्हणजे निदान तेवढा वेळ तरी शांतता.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच विरुद्ध पाच. एक बाजू बॉम्ब लावते, दुसरी तो निकामी करते. राउंड दोनेक मिनिटांचा, मेलात तर पुढच्या राउंडपर्यंत बसून बघायचं. सुरुवातीला प्रत्येकाच्या खिशात ८०० डॉलर, पुढे जिंकलं-हरलं तसे पैसे, आणि त्या पैशांतून बंदुका. १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफ या गेमवर हौसेनं केलेला हा बदल. २००० मध्ये तो रीतसर विकायला आला, २००३ मध्ये १.६ आवृत्ती, २००४ मध्ये सोर्स, २०१२ मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्ह, ज्याला सगळे नुसतं ‘गो’ म्हणतात, आणि २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २.

या यादीतल्या प्रत्येक पायरीवर भांडणं झाली आहेत. १.६ मध्ये हातात धरायची ढाल आली, ती खेळणाऱ्यांनीच जगभर स्पर्धांमधून हद्दपार केली. आमच्या पहिल्या नियमपत्रकातही दुसऱ्याच ओळीला होतं : ‘शील्ड घ्यायची नाही.’ २०१० साली आम्ही हौसेनं सोर्स लावून पाहिला. दिसायला देखणा. पण १.६ मध्ये पिंप म्हणजे भिंतीसारखं अढळ, आणि इथं काही मॅपवर (म्हणजे खेळायच्या मैदानांवर) पिंपाला धक्का लागला की ते गडगडत पायात यायचं. ‘भिया, अपन गोळ्या चालवायला आलो का पिंपं ढकलायला?’ असं एकानं विचारलं आणि पुढच्या वर्षी आम्ही गुपचूप १.६ वर परत आलो. मोठ्या जगातही तेच चाललं होतं. वर्ल्ड सायबर गेम्ससारख्या स्पर्धा १.६ ला धरून राहिल्या, अमेरिकेत टीव्हीवर दाखवलेल्या एका लीगनं सोर्स निवडला, आणि दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांकडे भाऊबंदकीतल्या चुलत्यांसारखे बघायचे. गो आल्यावर ही फूट हळूहळू बुजली. १.६ आणि सोर्स अशा दोन्हीकडच्या खेळाडूंना घेऊन उभ्या राहिलेल्या एका स्वीडिश संघानं सुरुवातीलाच समोरासमोरच्या स्पर्धांत लागोपाठ ८७ मॅप जिंकले. मग कोण कुठून आला ते विचारायचं कारण उरलं नाही.

आमच्याकडे मात्र ही फूट वयानुसार पक्की झाली. २०१४ पासून दोन गट : तिशीच्या वरचे सीनियर, ते १.६ खेळणार, खालचे ज्युनियर, ते गो. २०१८ च्या डिसेंबरात गो फुकट झाला आणि ज्युनियर गट फुगला. हॉल पुरेना, म्हणून स्पर्धा सुदामानगरच्या बाजूच्या एका पार्लरमध्ये नेली. २०२० आणि २०२१ कोविडात गेले. २०२२ ला पुन्हा सुरू केली, आणि २०२३ साठी ज्युनियरमध्ये आठ संघांनी नावं दिली होती.

अडचण

काउंटर-स्ट्राइक २ येणार ही घोषणा २२ मार्च २०२३ ला झाली होती. म्हणजे आम्हाला सहा महिने मिळाले होते. आम्ही ती बातमी वाचली, व्हिडिओ एकमेकांना पाठवले, धुराचं काय सुंदर काम केलंय म्हणालो, आणि ऑगस्टमध्ये पत्रक छापलं. पत्रकात लिहिलं, ‘ज्युनियर गट : काउंटर-स्ट्राइक गो, पहिला १६ राउंड जिंकेल तो विजयी.’ आवृत्ती बदलली तर काय, याचा एक शब्द नाही. ही चूक कंपनीची नाही, आमची.

गणपती १९ सप्टेंबरला बसले, विसर्जन २८ ला. स्पर्धा १ आणि २ ऑक्टोबरला ठेवली होती, कारण रविवारला लागून गांधी जयंतीची सुट्टी. आणि २७ व २८ सप्टेंबरच्या मधल्या रात्री काउंटर-स्ट्राइक २ आला.

गो शेजारी ठेवून नवा गेम वेगळा दिला असता तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. तो गोच्याच जागी आला. स्टीम (हा गेम ज्यातून उतरवतात ते ॲप) उघडलं की जुना जाऊन नवा उतरायला लागे. अनंत चतुर्दशीच्या सकाळी पार्लरवाल्या भाऊंचा फोन आला. ‘दादा, बारापैकी अकरा मशीनवर काहीतरी मोठं उतरतंय. थांबवू का होऊ देऊ?’ मी अर्धवट झोपेत ‘होऊ द्या’ म्हणालो. या प्रकरणातला पहिला निर्णय तो, आणि तो मी डोळे न उघडता घेतला.

दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. बारातली आठ मशीनं बरी होती. उरलेली चार जुनी, दोन कोअरची, चार जीबी रॅमची. गो त्यांच्यावर सगळी सेटिंग खाली आणून रडतखडत चालायचा. नव्याची किमान अट चार थ्रेडचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा. (१.६ ला एके काळी ९६ एमबी रॅम पुरायची. हे मी सीनियर गटात सांगितलं तेव्हा एक काका अभिमानानं मान डोलवत होते, जणू त्यांनीच तो गेम तेवढ्यात बसवला होता.) पाच विरुद्ध पाच म्हणजे दहा मशीनं हवीत. आमच्याकडे आठ.

त्या रात्री मिलच्या झाँक्या, म्हणजे कापड गिरण्यांच्या देखाव्यांची मिरवणूक. अर्धं इंदूर रस्त्यावर, आमची पोरंही. राजवाड्याच्या गर्दीत उभं राहून, कानाशी ढोल वाजत असताना, ती ग्रुपवर भांडत होती. दुसऱ्या दिवशी मी सगळे मेसेज वाचून काढले. एका बाजूचं म्हणणं : पत्रकात गो लिहिलंय, गोच व्हायला पाहिजे. दुसऱ्या बाजूचं : जो गेम जगात उरलाच नाही त्याची स्पर्धा कशी घ्यायची? तिसरी बाजू मीम पाठवत होती.

एका मुलाचं मात्र वेगळं होतं. बारावीतला, शांत. त्याच्याकडे एक लांब वही होती. त्यात मिराज आणि इन्फर्नो या मॅपवर धुराचा गोळा कुठून कुठे टाकायचा याच्या आकृत्या. कोणत्या कोपऱ्याला पाठ लावायची, छपराच्या कोणत्या कडेवर नेम धरायचा, उडी मारताना सोडायचा की उभ्यानं. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं छपराची रेघ आणि तिच्यावर लाल ठिपका. दोन वर्षांची वही. नव्या गेममध्ये त्यानं रात्रभर बसून एकेक गोळा टाकून पाहिला. काही तसेच पडत होते, काही हातभर बाजूला. आणि पडलेला धूरही आता पूर्वीसारखा गुमान एका जागी बसत नव्हता. तो जागा भरत जायचा, गोळी गेली की क्षणभर भोक पडायचं, हातबॉम्ब फुटला की मधला धूर बाजूला होऊन पलीकडचं दिसायचं. त्यानं मला एवढंच लिहिलं, ‘दादा, छप्परं तीच आहेत पण ऊन बदललंय.’

भांडण नेमकं कशाचं?

इथं थोडं थांबतो, कारण त्या दोन दिवसांत आम्ही सगळ्यांनीच वेगवेगळ्या भांडणांची मोट एकत्र बांधली.

पुढचा भाग आला की चाहते फुटतात, यात नवं काही नाही. झेल्डाचा दुसरा भाग १९८७ सालीच वरून दिसणारा नकाशा सोडून बराचसा बाजूनं दिसणारा झाला होता. रेझिडेंट ईव्हिल ४ नं २००५ मध्ये कॅमेरा खेळाडूच्या खांद्यामागे आणला. बहुतेकांनी डोक्यावर घेतला, पण भीतीच्या जागी मारामारी आली अशी कुरकुर पुढच्या दोन भागांत वाढतच गेली. फॉलआउट ३ नं २००८ मध्ये पाळीपाळीनं खेळायची लढाईच टाकून दिली. आमच्या पिढीला जवळचं उदाहरण म्हणजे जीटीए. त्याच्या सॅन अँड्रियास या भागात विमानं उडवायची, जिममध्ये दंड फुगवायचे, पाठीला जेटपॅक लावायचा. चौथा भाग आला आणि त्यातलं बरंचसं गेलं, गाड्याही जड चालायला लागल्या. जेल रोडवरून सीडी आणून खेळणाऱ्या माझ्या मित्रांपैकी निम्म्यांनी तो आठवड्यात काढून टाकला. पण त्यांनी काढला, आणि सॅन अँड्रियास परत लावला. रुसायला जागा होती, आणि रुसून जायला घरही होतं.

दुसरा प्रकार जुन्याच्या छातीवर बसणाऱ्या पुढच्या भागाचा. २०२० च्या जानेवारीत वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती आली तेव्हा ऑनलाइन खेळायचं तर जुनीवाल्यांनाही नवाच प्रोग्रॅम घ्यावा लागला. २०२२ च्या ऑक्टोबरात ओव्हरवॉच २ आला, पहिला बंद झाला, आणि सहाचा संघ पाचाचा झाला. सहाव्या मित्रानं काय करायचं ते ज्यानं त्यानं बघावं. काउंटर-स्ट्राइक २ या जातीचा. अशा वेळी गेम चांगला की वाईट हा वाद निरर्थक ठरतो. एखाद्याला नवा आवडलाही असेल, तरी ‘मला विचारलं कोणी?’ हा प्रश्न जात नाही. सोर्सच्या वेळचं आमचं भांडण आवडीनिवडीचं होतं. या वेळी तसं नव्हतं, आणि मी मात्र ते तसंच मिटवायला निघालो होतो.

समोरचे पर्याय

शुक्रवारी, २९ ला संध्याकाळी, मंडळाच्या हॉलमध्ये आठही संघांचे कप्तान बसले. विसर्जन झालेलं, मखर अर्धं उतरवलेलं, थर्माकोलचे तुकडे पायाखाली. झाँक्यांच्या जागरणानं सगळ्यांचे डोळे लाल.

पहिला पर्याय, जुना गोच लावणे. हे अशक्य नव्हतं. कंपनीनं गोची गोठवलेली प्रत स्टीमच्या बीटा शाखेत, म्हणजे मुख्य आवृत्तीच्या बाजूला निवडता येणाऱ्या प्रतींमध्ये, ठेवली होती. तिच्यावर अधिकृत सामने मिळत नसले तरी आपला सर्व्हर आपण चालवून खेळता येत होतं. बाराही मशीनं चालली असती, पत्रकाचा शब्द राहिला असता. विरोधात एकच मुद्दा, पण वजनदार : आठपैकी पाच संघांची मुलं दोन दिवसांपासून नवाच खेळत होती आणि त्यांना मागे जायचं नव्हतं.

दुसरा, नवा जसा आहे तसा. यातली मोठी अडचण राउंडची. गोमध्ये अर्धा डाव १५ राउंडचा, जो आधी १६ ला पोचेल तो जिंकला. नव्यात अर्धा डाव १२ चा आणि १३ ला विजय. आकडा लहान वाटतो. पण पैशांचे नियम जवळपास तेच राहिल्यामुळे पहिला पिस्तुलांचा राउंड हरला की पुढचे दोनही बहुधा जातात, आणि तेरातले तीन म्हणजे सोळातल्या तिनांपेक्षा जास्त. मागून येऊन जिंकणाऱ्या संघांना हे जाचत होतं.

तिसरा, दिवाळीपर्यंत पुढे ढकलणे. बाहेर नोकरीला असलेली मुलं सुट्टी काढून आली होती, म्हणून तो दोन मिनिटांत बाद झाला. चौथा सीनियर गटातून आला : सगळ्यांनी १.६ खेळा, मिटलं. यावर ज्युनियर हसले आणि सीनियर दुखावले. तो प्रस्ताव अर्धा गंभीर होता, हे मला नंतर कळलं.

मधेच खुर्च्या मोजायला आलेल्या एका काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अरे, आजपासून पितृपक्ष लागला. नवीन काही सुरू करत नाहीत या दिवसांत.’ ‘गो’च्या बाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे दहा दिवस ग्रुपवर तो त्यांचा सगळ्यात जोरकस युक्तिवाद होता.

निर्णय

मतदान घ्यायचं नाही एवढं मी आधीच ठरवलं होतं. पाच विरुद्ध तीन असा निकाल दिसतच होता, आणि तीन संघ पडलेल्या तोंडानं खेळले असते. त्याऐवजी प्रत्येक कप्तानाला एकच प्रश्न विचारला : नव्या गेममधली कोणती एक गोष्ट तशीच राहिली तर तुम्ही खेळणार नाही?

उत्तरं ऐकून मला आश्चर्य वाटलं. चित्राबद्दल, आवाजाबद्दल, बंदुकांच्या रंगांबद्दल, ज्यावर ग्रुपवर शेकडो मेसेज पडले होते, एकानंही काही म्हटलं नाही. चौघांनी राउंडची संख्या सांगितली. दोघांनी सराव झालेला नाही म्हणून मॅप कमी करा म्हटलं. एकजण म्हणाला, मशीन अडखळलं तर नाही खेळणार. आणि आठवा कप्तान, एकवीस-बावीसचा मुलगा, म्हणाला, ‘काही नाही दादा, मजा नाही त्याच्यात.’ मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? ‘मजा नाही, बस.’ मी पुढे सरकलो.

ठरलं ते असं. काउंटर-स्ट्राइक २ च खेळायचा, पण सर्व्हर आपला, त्यामुळे राउंड ३० ठेवायचे आणि १६ ला विजय. पत्रकातला तेवढा शब्द पाळायचा. मॅप तीनच : मिराज, इन्फर्नो, डस्ट टू. शनिवारी दुपारी पार्लर सगळ्या संघांना सरावासाठी खुलं. आणि दोन मशीनं घरून आणायची.

शिक्क्यावर नाव नवं आणि कायदा जुना, असं ते काम होतं. एका सीनियरनं टोमणा मारला की शील्ड बंद करणारेच तुम्ही. बरोबर होतं त्याचं. या खेळात कंपनी गेम देते, पण तो कसा खेळायचा हे प्रत्येक हॉल आपल्यापुरतं ठरवत आला आहे.

दोन दिवस

शनिवारी दोन पोरांनी घरचे कॅबिनेट आणले. एकानं चादरीत गुंडाळून ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवलं होतं, मागे बसलेल्यानं मॉनिटर पोटाशी धरला होता, आणि सिग्नलला थांबले की दोघंही आजूबाजूच्यांकडे असं बघत होते जणू सराफ्यातून दागिने घेऊन निघालेत. सगळी जोडाजोड संपायला रात्रीचे अकरा वाजले.

रविवारी सकाळी सातच संघ आले. आठव्याचा फोन लागेना. अकराला मेसेज आला : ‘आमचं नाव काढा.’ आम्ही वेळापत्रक पुन्हा मांडलं, एका संघाला बाय दिला, आणि कामाच्या गडबडीत त्याबद्दल अजिबात विचार केला नाही.

पहिला दिवस अडखळतच गेला. जुन्या सवयीनं हात आधी चालायचे. धुरामागे निवांत उभा राहिलेला कोणी पलीकडून आलेल्या हातबॉम्बनं उघडा पडायचा आणि खुर्चीतून उठून बघायचा, कोणी मारलं? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीच पोरं ती युक्ती स्वतः करायला लागली होती.

अंतिम सामना मिराजवर. १४-१४. वहीवाल्या मुलाचा संघ हल्ल्याला. त्यानं ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन, वहीतल्या पानाप्रमाणे, मधल्या चौकावरच्या खिडकीत धूर टाकला. बरोबर खिडकीत पडला. हा गोळा जुन्यातही असाच पडायचा आणि पडला की खिडकीतला नेमबाज आंधळा, चौक ओलांडायचा. तिघं धावले. तेवढ्यात खिडकीच्या आतून हातबॉम्ब आला, धूर मधोमध फाटला, आणि तेवढ्या पापणी लवायच्या वेळात नेमबाजानं एकाला टिपलं. धूर पुन्हा मिटला. मागच्या रांगेतून कोणी ओरडलं, ‘ये तो चीटिंग है!’ आणि त्याच रांगेतून दुसरा, ‘भिया, हाच तर गेम आहे!’ पार्लरमध्ये जवळपास अर्ध्या मिनिटाचा आरडाओरडा. मुलानं मागे वळून पाहिलं नाही. राउंड गेला, पुढचाही गेला, १६-१४ नं सामना गेला. तो उठला, समोरच्या नेमबाजाशी हात मिळवला आणि विचारलं, ‘बॉम्ब केव्हा टाकलास? धूर भरायच्या आधी का नंतर?’ मग वही काढून उत्तर लिहून घेतलं.

सीनियर गटाचा १.६ नेहमीसारखाच झाला, चार जुन्या मशीनांवर दोघे विरुद्ध दोघे, कारण दहा चांगली मशीनं ज्युनियरनी अडवली होती. काकांनी कुरकुर केली नाही. करायला हवी होती.

निकाल

वरवर पाहता स्पर्धा पार पडली. सातही संघ शेवटपर्यंत होते, बक्षिसं वाटली, पोहे-जिलबी झाली. दिवाळीपर्यंत विरोधातल्या तीनपैकी दोन संघांची मुलं बिनतक्रार नवा गेम खेळत होती. २०२४ च्या आधी मी ग्रुपवर विचारलं की ३० राउंडचा नियम ठेवायचा का, तर ज्युनियरनी स्वतःच ‘नको, लांबतं’ म्हणून १३ ला विजय मान्य केला. ज्या मुद्द्यावर चार कप्तान उठून जायला निघाले होते, तो वर्षभरात कुणाच्या खिजगणतीतही नव्हता.

आठव्या संघाचं कळलं ते नोव्हेंबरात, आणि तेही पार्लरवाल्या भाऊंकडून. त्या पाच मुलांपैकी तिघांच्या घरी दोन कोअरचे जुने कॉम्प्युटर होते, आमच्या त्या चार मशीनांसारखेच. २८ तारखेला त्यांच्याकडे गोच्या जागी जे उतरलं ते चालतच नव्हतं. मॅप उघडायला पाच मिनिटं, मग पायरी-पायरीनं हलणारं चित्र. गोठवलेल्या जुन्या प्रतीची गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी स्पर्धा नव्याची ठरलेली. कप्तान मजा नाही म्हणाला ते खरंच होतं. पण सात जणांसमोर ‘माझ्या घरच्या मशीनवर चालत नाही’ असं बावीस वर्षांचा मुलगा म्हणणार नाही, हे मला कळायला हवं होतं. मी स्वतः २००८ साली उसन्या ग्राफिक कार्डावर खेळलो आहे.

पुन्हा वेळ आली तर

पत्रकात आता एक ओळ आहे : स्पर्धेच्या तीस दिवस आधी जी आवृत्ती चालू असेल ती अखेरपर्यंत. बीटा शाखेतली जुनी प्रत मिळत असेल तर ती वापरायची, नसेल तर कप्तानांची बैठक. मार्चमध्येच ही ओळ लिहिता आली असती.

पार्लरमधल्या मशीनांची यादी, रॅम आणि प्रोसेसरसकट, आम्ही ऑगस्टमध्येच करतो आता. त्या सकाळी मी ‘थांबवा’ म्हटलं असतं तर निदान दोन दिवस विचाराला मिळाले असते.

तो एक प्रश्न मी पुन्हा विचारीन, पण बैठकीत नाही. आधी एकेकाला फोन, मग बैठक. सगळ्यांसमोर विचारल्यावर मला सांगण्याजोगी कारणंच मिळाली.

नवा गेम निवडण्याचा निर्णय चुकला का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पार्लरवाले भाऊ म्हणतात, गोठवलेला गो लावला असता तर आठही संघ आले असते आणि त्या वर्षापुरतं कुणाचंच बिघडलं नसतं. मला वाटतं पाच संघ नाखुशीनं खेळले असते. पण हे मी पूर्वीइतक्या ठामपणे म्हणत नाही.

आणि एक बदल आम्ही ठरवून केला नाही, तो झाला. २०२४ साली भाऊ ती चार जुनी मशीनं जेल रोडला विकायला निघाले होते. भाव इतका कमी सांगितला की ते चिडून परत घेऊन आले. तेव्हा सीनियर मंडळींनी वर्गणी काढून ती मंडळासाठी घेतली आणि १.६ वाल्यांची वयाची अट काढून टाकली. पहिल्याच दिवशी आठव्या संघाचा तो कप्तान एकटा आला, कोपऱ्यातल्या मशीनवर बसला, आणि काकांनी विचारलं, ‘शील्ड बंद आहे, माहितीये ना?’

‘कसली शील्ड?’ तो म्हणाला. त्यानं १.६ कधी पाहिलाच नव्हता.

संध्याकाळपर्यंत तो तीन काकांना हरवून चौथ्याची वाट बघत होता.